मुख्यमंत्री मोठे की मंत्रिमंडळ? क्रॉसमनचा सिद्धांत आणि आपली आरे

नागरिकशास्त्राच्या पुस्तकात एक शब्दप्रयोग ठरलेला असतो: पंतप्रधान म्हणजे 'समानांमधला पहिला'. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास केलेल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारा, सांगेल. ब्रिटिश मंत्रिमंडळाचं वर्णन म्हणून तो आपल्याकडे आला आणि बघता बघता मुख्यमंत्र्यांनाही लागू झाला. माझ्या प्रबंधाचा एक भाग या शब्दप्रयोगाचं पुढे काय झालं यावर आहे. त्यामुळे एक प्रश्न मला सतत ऐकावा लागतो: लंडनच्या मंत्रिमंडळाचा अभ्यास उपनगरात बसून कशाला करायचा? आज त्याचं उत्तर देतो. एका इंग्रज लेखकाचा गाजलेला सिद्धांत घेऊ, तो महाराष्ट्राला लावून बघू, आणि तो कुठे पुरतो, कुठे तोकडा पडतो ते तपासू. वाटेत आरेची कारशेड येईल. खरं तर तिच्यासाठीच हा सगळा खटाटोप आहे.

आधी सिद्धांत

१८६७ साली वॉल्टर बॅजट या संपादकाचं 'द इंग्लिश कॉन्स्टिट्यूशन' हे पुस्तक आलं. त्याचं म्हणणं असं की राज्यव्यवस्थेचे दोन भाग असतात. एक मानाचा, जो बघून लोकांचा आदर टिकतो. दुसरा कामाचा, जिथे खरे निर्णय होतात. राणी मानाची, मंत्रिमंडळ कामाचं. कायदेमंडळ आणि कारभार यांना जोडणारा सांधा म्हणजे मंत्रिमंडळ, आणि इंग्लंडच्या यशाचं गुपित त्या सांध्यात आहे, असं तो मांडतो.

बरोबर ९६ वर्षांनी, १९६३ मध्ये, याच पुस्तकाच्या नव्या आवृत्तीला रिचर्ड क्रॉसमन या मजूर पक्षाच्या खासदाराने प्रस्तावना लिहिली. प्रस्तावना लिहिताना त्याने बॅजटचंच हत्यार बॅजटवर चालवलं. तो म्हणाला, आता मंत्रिमंडळही मानाच्या भागात जमा झालंय. पक्षयंत्रणा पंतप्रधानाच्या मुठीत, नोकरशाहीचं वरचं टोक त्याच्या मुठीत, मंत्री नेमायचे आणि काढायचे तेही त्यानेच. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये मंत्रिमंडळाचं राज्य उरलेलं नाही, पंतप्रधानाचं राज्य आहे.

हा सिद्धांत आजही चलनात आहे. आपल्याकडचा अग्रलेख 'सत्तेचं केंद्रीकरण' म्हणतो तेव्हा तो क्रॉसमनचंच बोलणं मराठीत बोलत असतो, फक्त नाव घेत नाही.

त्याला उत्तरही लगेच मिळालं. १९६५ मध्ये जॉर्ज जोन्स या अभ्यासकाने लिहिलं की पंतप्रधान तेवढाच बलवान असतो जेवढा त्याचे सहकारी त्याला होऊ देतात. गंमत म्हणजे क्रॉसमन स्वतः १९६४ मध्ये मंत्री झाला, गृहनिर्माण खातं सांभाळू लागला आणि रोजनिशी लिहू लागला. त्याच्या मृत्यूनंतर ती छापू नये म्हणून सरकार कोर्टात गेलं. १९७५ मध्ये कोर्टाने बंदी नाकारली. रोजनिशी वाचली तर दिसतं काय? मंत्र्याचा बहुतेक जीव स्वतःच्या खात्यात आणि स्वतःच्या सचिवांशी झुंजण्यातच जातो. बाकीच्या खात्यांच्या विषयांवर विचार करायला कुणाला सवड नसते. म्हणजे मंत्रिमंडळ दुबळं होण्याचं एक कारण पंतप्रधानाची ताकद हे आहेच, पण प्रत्येक मंत्री आपापल्या खात्याच्या खोलीत कडी लावून बसलाय हेही आहे. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आपल्या घटनेत काय आहे

डॉ. आंबेडकरांनी ३० डिसेंबर १९४८ रोजी संविधान सभेत सामूहिक जबाबदारीवर जे सांगितलं, ते क्रॉसमनच्या १५ वर्षं आधीचं आहे. त्यांचा मुद्दा व्यवहारी होता. सामूहिक जबाबदारी फक्त कागदावर लिहून येत नाही, ती कुणीतरी पाळायला लावावी लागते. मग कोण लावणार? पंतप्रधान. कारण नेमणूक त्याच्या सल्ल्याने आणि गच्छंतीही त्याच्याच सल्ल्याने. त्यांच्या लेखी पंतप्रधान हा कमानीतला मधला दगड. तो काढला तर कमान पडते.

हे रूपक मला क्रॉसमनच्या सिद्धांतापेक्षा जास्त उपयोगी वाटतं. कारण कमानीत मधला दगड बाकीच्या दगडांवर टेकलेला असतो, आणि बाकीचे त्याच्यावर. 'कोण मोठं' हा प्रश्न कमानीला विचारताच येत नाही.

आता राज्याकडे या. कलम १६४ नुसार मंत्री मुख्यमंत्र्यांच्या सल्ल्याने नेमले जातात आणि सगळं मंत्रिमंडळ विधानसभेला सामूहिकपणे जबाबदार असतं. कलम १६६ खाली सरकारच्या कामकाजाचे नियम होतात. आपल्याकडे मुंबई उच्च न्यायालयासमोरच्या ज्या खटल्याकडे आपण येणार आहोत, त्याला लागू होते ते १९७५ चे कार्यनियम. कोणता विषय कुठल्या खात्याचा, कोणता विषय मंत्रिमंडळापुढे यायलाच हवा, हे त्यात ठरलेलं असतं.

आणि कलम १६७ मध्ये एक छोटी तरतूद आहे, जिच्याकडे फारसं कुणी बघत नाही. एखाद्या मंत्र्याने एकट्याने निर्णय घेतला असेल आणि मंत्रिमंडळाने त्यावर विचार केला नसेल, तर राज्यपाल मुख्यमंत्र्यांना तो विषय मंत्रिमंडळापुढे ठेवायला सांगू शकतात. म्हणजे मंत्री एकटा धावू शकतो, हा धोका घटनाकारांना दिसला होता. मुख्यमंत्री एकटा धावला तर काय, यासाठी मात्र अशी सरळ तरतूद नाही.

चंद्रपूरचा निकाल

क्रॉसमन खरा असता, तर मुख्यमंत्र्याने कुठल्याही मंत्र्याचा निर्णय सहज फिरवला असता. महाराष्ट्रात हे प्रत्यक्ष कोर्टात तपासलं गेलं. चंद्रपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेतली भरती हा वादाचा विषय होता. सहकार मंत्र्यांनी भरतीवरची स्थगिती उठवली. नोव्हेंबर २०२२ मध्ये मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी ती पुन्हा लावली. ३ मार्च २०२३ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मुख्यमंत्र्यांचा आदेश रद्द केला. कारण असं दिलं की कार्यनियमांनुसार तो विषय सहकार मंत्र्यांचा आहे. दुसऱ्या मंत्र्याच्या खात्यातल्या निर्णयात ढवळाढवळ करण्याचा स्वतंत्र अधिकार नियमांनी मुख्यमंत्र्यांना दिलेला नाही.

निकाल वाचल्यावर पहिली प्रतिक्रिया अशीच होते: बघा, समानांमधला पहिला! पाठ्यपुस्तक जिंकलं. पण जरा थांबा. या निकालाने संरक्षण कुणाला दिलं? मंत्र्याला. मंत्रिमंडळाला नव्हे. खात्याच्या खोलीची कडी कोर्टाने आतून घट्ट केली. मंत्रिमंडळ नावाची जी सामाईक खोली आहे, तिचं दार उघडंच राहिलं. तिथे बसून कुणी, किती जणांनी, काय वाचून निर्णय घ्यायचा, याबद्दल त्या खटल्यात प्रश्नच नव्हता.

सामाईक खोलीचं काय झालं

आता तीन प्रसंग बघू. तिन्ही मुंबईतले किंवा मुंबईशी थेट जोडलेले.

पहिला, २३ नोव्हेंबर २०१९. पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी महाराष्ट्रातली राष्ट्रपती राजवट उठली आणि सकाळी आठच्या सुमारास राजभवनात शपथविधी झाला. राजवट उठवायला केंद्रीय मंत्रिमंडळाची शिफारस लागते. ती बैठक आधी झालीच नाही. केंद्राच्या १९६१ च्या कामकाज नियमांतला नियम १२ वापरला गेला. या नियमाने पंतप्रधान आवश्यक वाटेल तेव्हा नियमांपासून फारकत घ्यायला परवानगी देऊ शकतात, आणि मंत्रिमंडळाची मान्यता मागाहून घेता येते. हाच नियम २५ जून १९७५ च्या रात्री इंदिरा गांधींनी आणीबाणीच्या शिफारशीसाठी वापरला होता. मंत्रिमंडळाला सकाळी कळलं. त्यातून शिकून १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने कलम ३५२ मध्ये अट घातली: आणीबाणीसाठी मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवला गेला पाहिजे. म्हणजे घटनेने एका दाराला कुलूप घातलं, बाकीच्या दारांवर नियम १२ ची चावी तशीच चालते.

दुसरा प्रसंग, जून-जुलै २०२२. या महिन्यात लंडन आणि मुंबई एकाच वेळी एकच परीक्षा देत होत्या. लंडनमध्ये ५ जुलैच्या संध्याकाळी साजिद जाविद आणि ऋषी सुनक यांनी काही मिनिटांच्या अंतराने राजीनामे दिले. दोन दिवसांत पन्नासहून जास्त मंत्री आणि सहायक गेले आणि ७ जुलैला बोरिस जॉन्सन यांनी पायउतार होण्याची घोषणा केली. महिनाभर आधीच, ६ जूनला, त्यांनी पक्षातला विश्वासठराव २११ विरुद्ध १४८ ने जिंकला होता. तरी सहकाऱ्यांनी हात काढून घेतला आणि कमान पडली. जॉर्ज जोन्सचा मुद्दा यापेक्षा स्वच्छ सिद्ध होणार नाही.

आपल्याकडे काय झालं? मंत्री सुरतला गेले, तिथून गुवाहाटीला गेले. राजीनामा दिला नाही. मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी २७ जूनला त्यांची खाती काढून इतरांना दिली, मंत्रिपदं मात्र काढली नाहीत. म्हणजे एकाच मंत्रिमंडळाचे सदस्य दोन राज्यांत बसून एकमेकांविरुद्ध सरकार चालवत आणि पाडत होते. तिथे राजीनाम्याला किंमत आहे, कारण राजीनामा दिलेला मंत्री खासदार म्हणून सुरक्षित राहतो. इथे १९८५ पासून पक्षांतरबंदीचा कायदा आहे. मंत्रिमंडळातली नाराजी बैठकीत किंवा राजीनाम्यात व्यक्त करून एकट्याने टिकाव लागत नाही. पुरेसे आमदार बरोबर घेतल्याशिवाय बाहेर पडता येत नाही. त्यामुळे मतभेद मंत्रिमंडळाच्या खोलीत होत नाहीत, हॉटेलात होतात.

तिसरा प्रसंग लगेच त्याच्या पुढचा. २९ जून २०२२ रोजी ठाकरे सरकारच्या शेवटच्या बैठकीत औरंगाबाद आणि उस्मानाबाद यांच्या नामांतराचे निर्णय झाले. त्याच रात्री मुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला. ३० जूनला नवे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे आणि उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी शपथ घेतली. १६ जुलैला नामांतराचे निर्णय नव्याने झाले, कारण राज्यपालांनी बहुमत सिद्ध करायला सांगितल्यानंतर आधीच्या सरकारने ती बैठक घ्यायला नको होती, असं नव्या सरकारचं म्हणणं. आणि हे म्हणणाऱ्या मंत्रिमंडळात सदस्य किती? दोन. विस्तार झाला तो ९ ऑगस्टला, १८ मंत्र्यांच्या शपथेने. मधले चाळीस दिवस महाराष्ट्राचं मंत्रिमंडळ दोघांचं होतं. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या तरतुदीनुसार राज्यात मंत्री विधानसभेच्या १५ टक्क्यांहून जास्त नसावेत, म्हणजे आपल्या २८८ च्या सभागृहात ४३, आणि १२ हून कमी नसावेत. टीकाकारांनी तेव्हा हे कलम दाखवलं. चाळीस दिवस निघून गेले.

एका शहराच्या नावासारख्या विषयावर एका मंत्रिमंडळाने शेवटच्या दिवशी निर्णय घेतला आणि दुसऱ्याने दोघांत घेतला. दोन्ही वेळा कायद्याच्या भाषेत निर्णय 'मंत्रिमंडळाचा'च. बॅजटच्या भाषेत बोलायचं तर मंत्रिमंडळ इथे मानाचं आहे: शिक्का त्याचा, विचार दुसरीकडे.

पण मुख्यमंत्र्यांचं राज्य आलं का?

इथेच क्रॉसमन तोकडा पडतो. मंत्रिमंडळ दुबळं झालं म्हणजे सत्ता मुख्यमंत्र्याकडे गेली, असं तो गृहीत धरतो. महाराष्ट्रात तसं दिसत नाही. १८ जानेवारी २०२५ रोजी पालकमंत्र्यांची यादी जाहीर झाली. पालकमंत्रीपद घटनेत नाही, ते पूर्णपणे मुख्यमंत्र्यांनी द्यायचं. तरी दुसऱ्याच दिवशी नाशिक आणि रायगडच्या नेमणुकांना स्थगिती द्यावी लागली, कारण सरकारमधला मित्रपक्ष नाराज. उपमुख्यमंत्रीपदाचंही तेच. १९७८ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारात नाशिकराव तिरपुडे उपमुख्यमंत्री झाले ते दोन काँग्रेसची मोट बांधायला. ते सरकार काही महिन्यांत कोसळलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की उपमुख्यमंत्री हा घटनेच्या दृष्टीने एक मंत्रीच, बाकी नुसतं बिरुद. घटनेच्या दृष्टीने बरोबर आहे. पण आघाडीच्या गणितात त्या बिरुदाची किंमत अख्ख्या खात्याएवढी असते.

म्हणून माझं म्हणणं असं: आपल्याकडे सत्ता मंत्रिमंडळातून निघाली ती दोन बाजूंना गेली. एक भाग मुख्यमंत्र्याकडे, दुसरा पक्षनेत्यांकडे आणि त्यांच्या ताब्यातल्या खात्यांकडे. मध्ये जी सामाईक खोली होती, जिथे एका खात्याच्या निर्णयावर दुसऱ्या खात्याच्या मंत्र्याने 'हे का?' असं विचारायचं होतं, ती रिकामी झाली.

आता आरे

ती खोली रिकामी झाल्याने आपलं काय बिघडतं, हे उपनगरातल्या माणसाला सांगायला आरेएवढं उदाहरण नाही.

मेट्रो ३ ची कारशेड आरेत. ४ ऑक्टोबर २०१९ च्या रात्री झाडं तोडायला सुरुवात झाली. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने थांबवली, तोवर दोन हजारांहून जास्त झाडं गेली होती. तेव्हा मुख्यमंत्री फडणवीस. २८ नोव्हेंबरला ठाकरे मुख्यमंत्री झाले आणि दुसऱ्याच दिवशी कामाला स्थगिती जाहीर केली. ११ ऑक्टोबर २०२० रोजी त्यांनी ऑनलाइन भाषणात सांगितलं: कारशेड कांजूरमार्गला. डिसेंबर २०२० मध्ये उच्च न्यायालयाने कांजूरच्या जागेचं हस्तांतरण रोखलं. ३० जून २०२२ ला शिंदे सरकार आलं आणि जुलैमध्ये कारशेड पुन्हा आरेत. ५ ऑक्टोबर २०२४ ला आरे ते बीकेसी या पहिल्या टप्प्याचं उद्घाटन झालं.

या सगळ्याकडे आपण 'फडणवीसांचा निर्णय, ठाकरेंचा निर्णय, शिंदेंचा निर्णय' असं बघतो. बातम्याही तशाच येतात. पण सामूहिक जबाबदारीचा अर्थ काय? ऑक्टोबर २०२० मध्ये कांजूरचा निर्णय झाला तेव्हा राज्याचे नगरविकास मंत्री होते एकनाथ शिंदे. मंत्रिमंडळात राहिलेला प्रत्येक मंत्री त्या सरकारच्या निर्णयाचा धनी असतो, हाच तर नियम. म्हणजे कांजूरला नेण्याचा धनी आणि आरेत परत आणण्याचा धनी एकच माणूस. यात त्यांच्यावर व्यक्तिगत आरोप करायचा नाही. परिस्थिती बदलते, कोर्टाची स्थगिती येते, माणूस मत बदलू शकतो. प्रश्न वेगळा आहे: २०२० मध्ये मंत्रिमंडळापुढे कोणतं कारण होतं जे २०२२ मध्ये उरलं नाही? दोन्ही वेळा एकाच माणसाला जबाबदार धरणारी व्यवस्था जर हे विचारूच देत नसेल, तर 'जबाबदारी' या शब्दात उरलं काय?

आणि विचारायचं कुठे? कलम १६३ सांगतं की मंत्र्यांनी राज्यपालांना कोणता सल्ला दिला याची चौकशी कुठलंही न्यायालय करू शकत नाही. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८ मध्ये मंत्रिमंडळाची कागदपत्रं वगळलेली आहेत. पण त्याच कलमात पुढे एक परंतुक आहे, आणि ते मला या सगळ्या विषयातलं सर्वात मोलाचं वाटतं. निर्णय झाल्यानंतर आणि विषय संपल्यानंतर तो निर्णय, त्याची कारणं आणि ज्या माहितीच्या आधारे तो घेतला ती माहिती लोकांसमोर ठेवली पाहिजे. आपल्याला मिळतं काय? बैठकीनंतरचं प्रसिद्धिपत्रक, चार ओळींचा निर्णय आणि जीआर. कारणाच्या जागी 'शासनाच्या विचाराधीन होती' हे ठरलेलं वाक्य.

ब्रिटनमध्ये मंत्रिमंडळाची इतिवृत्तं पूर्वी ३० वर्षांनी खुली व्हायची. २०१३ पासून ही मुदत टप्प्याटप्प्याने २० वर्षांवर आणली गेली. तिथला संशोधक क्रॉसमनशी वाद घालू शकतो, कारण त्याच्यासमोर कागद असतो. त्या इतिवृत्तांचीही सुरुवात १९१६ ची: युद्धाच्या धामधुमीत लॉइड जॉर्जने मंत्रिमंडळाचं सचिवालय काढलं, तोवर बैठकीत काय ठरलं याची नीट नोंदच नसायची. सांध्याला सांधा म्हणून टिकवायचं असेल तर त्याची नोंद लागते, हे त्यांना अर्धशतक उशिरा का होईना कळलं.

म्हणून 'मुख्यमंत्री मोठे की मंत्रिमंडळ' या प्रश्नावर माझं उत्तर सरळ आहे. वाद चुकीच्या जागी चाललाय. बॅजटने खोली दाखवली, क्रॉसमनने ती रिकामी असल्याचं सांगितलं, आणि दोघांनीही खोलीतल्या कागदांबद्दल कमी विचार केला. खोली भरलेली आहे की रिकामी, हे बाहेर उभ्या असलेल्या माणसाला फक्त कागदावरून कळतं. पुढच्या वेळी गोरेगाव, कांजूर किंवा मुलुंडमधल्या एखाद्या जमिनीचा निर्णय वर्तमानपत्रात एका नेत्याच्या नावाने आला, तर त्या नेत्याला शिव्या किंवा शाबासकी देण्याआधी एक अर्ज करून बघा. निर्णय नको, तो मिळतोच. मंत्रिमंडळापुढची टिपणी आणि तिच्यातली कारणं मागा, परंतुकाचा हवाला देऊन. मिळालं तर मला कळवा. नाकारलं तर नाकारण्याचं कारण नक्की कळवा, माझ्या प्रबंधाला तेही तेवढंच हवंय.